इगर्ज आणि गेरेझा

प्रश्न असा आहे: केनियातल्या मोंबासाचा फोर्ट जीझस हा किल्ला बघायला गेलेल्या एकाला तिथल्या वाटाड्याने 'गेरेझा' हा शब्द ऐकवला, अर्थ सांगितला तुरुंग. विचारणारे मूळचे गोव्याचे. घरी चर्चला 'इगर्ज' म्हणतात, म्हणून कान टवकारले. हे दोन शब्द एकच का? असतील तर देवाचं घर आणि कैदखाना एका शब्दात कसे नांदले? की 'जीझस'चंच बिघडून गेरेझा झालं?

शेवटचं आधी निकालात काढू. जीझस हा इंग्रजी उच्चार. किल्ला पोर्तुगिजांचा, त्यांच्या तोंडी 'जेझुश'च्या जवळचं काहीतरी. त्यातून 'गे' कुठून यायचा? नुसत्या कानावर विसंबलं की अशी फसगत होते. हिंदीवाल्यांपैकी काहींना 'गिरजाघर' म्हटलं की गिरिजा, म्हणजे पार्वती, आठवते, त्यातलाच हा प्रकार.

गिरजाघराचं नाव निघालंच आहे तर तिथूनच चला. हिंदीतला गिरजा, बंगालीतला गिर्जा, मलाय-इंडोनेशियनमधला गेरेजा, कोकणीतली इगर्ज आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या स्वाहिलीतला गेरेझा ही सगळी एका पोर्तुगीज शब्दाची पोरं. तो शब्द 'इग्रेजा', म्हणजे चर्च. त्याच्यामागे लॅटिन एक्लेसिया, त्याच्यामागे ग्रीक एक्लेसिया, मूळ अर्थ लोकांची सभा. म्हणजे शब्द निघाला माणसांच्या मेळ्यापासून, मग इमारतीला चिकटला, आणि मोंबासाला पोचेपर्यंत त्या इमारतीला कुलूप लागलं.

आता 'इग्रेजा' मोठ्याने म्हणून बघा. आघात 'ग्रे'वर आहे, त्यामुळे पहिला 'इ' तोंडातल्या तोंडात राहतो. हिंदी, मलाय आणि स्वाहिली तिघींनी तो गाळला. 'ग्र' हे जोडाक्षरही त्यांना जड गेलं, म्हणून मध्ये स्वर घालून 'गिर', 'गेरे' झालं. पोर्तुगीज 'ज' आपल्याकडे नाही. 'श' म्हणता म्हणता कंठातून आवाज सोडला की जे होतं ते. स्वाहिलीने तिथे आपला हिंदीतल्या नुक्त्याच्या ज सारखा वर्ण बसवला. कोकणीने उलटं केलं: पुढचा 'इ' जपला आणि शेवटचा 'आ' टाकला. 'ग्रे'ची उलटापालट होऊन 'गर्' झालं आणि उरली इगर्ज, स्त्रीलिंगी, मुळासारखीच. ध्वनींचा हिशेब असा चोख लागतो.

अर्थाचा हिशेब मात्र कागदावर लागत नाही, त्यासाठी किल्ल्यातच जावं लागतं. फोर्ट जीझसचं काम १५९३ मध्ये सुरू झालं. आराखडा जुवांव बातिस्ता कायरातो या इटालियन स्थपतीचा, जो पोर्तुगिजांच्या हिंदुस्थानातल्या मुलखाचा मुख्य वास्तुकार होता आणि पुढे गोव्यातच वारला. किल्ल्याच्या आवारात चर्च, तिथेच कप्तान, तिथेच तोफा आणि तिथेच कैदी. बाहेरून बघणाऱ्या स्वाहिली माणसाला हे वेगळे विभाग दिसणार कसे? त्याला दिसायची एकच भिंत. फिरंगी जिला इग्रेजा म्हणतात ती जागा याच भिंतीच्या आत, एवढं त्याला पुरे. म्हणून गेरेझा म्हणजे आधी किल्ला झाला. टांझानियात किल्वा बेटावरच्या जुन्या किल्ल्याचं नावच आजही गेरेझा आहे. किल्ल्यावरून तुरुंग हे पुढचं पाऊल. चर्चसाठी स्वाहिलीने अरबीतून 'कनीसा' घेतला, त्यामुळे गेरेझाला जुन्या अर्थाकडे परतायची वाटच उरली नाही.

इथे मला एक माणूस आठवतो, ज्याच्या वाट्याला शब्दाची ही दोन्ही टोकं आली. युसूफ बिन हसन, मोंबासाचा सुलतान. त्याचं घराणं त्याच किनाऱ्यावरच्या मालिंदी बंदराचं, वास्को द गामापासून पोर्तुगिजांशी दोस्ती राखून असलेलं. मोंबासाची गादी त्यांना मिळाली तीही पोर्तुगिजांच्याच बळावर. पण बाप हसन आणि किल्ल्याचा कप्तान यांचं बिनसलं. हसन मुख्य भूमीवर पळाला, आणि १६१४ मध्ये ज्यांच्या आश्रयाला गेला त्यांनीच पोर्तुगिजांकडून मोल घेऊन त्याला मारलं. शिर गोव्याला पाठवलं गेलं. सात-आठ वर्षांच्या युसूफचीही रवानगी गोव्याला झाली.

जुन्या गोव्यात टेकडीवर सेंट ऑगस्टीनचा अर्धा उरलेला मनोरा बघितलाच असेल. त्याच ऑगस्टिनियन पाद्र्यांकडे हा मुलगा वाढला. बाप्तिस्मा झाला, नाव पडलं दों जेरोनिमो शिंगुलिया. पोर्तुगीज आरमारात चाकरी केली, तोफा चालवायला शिकला, लग्नही ख्रिस्ती बाईशी झालं. रोज कानावर पडणाऱ्या इग्रेजाचा अर्थ त्याच्यापुरता घर, शाळा, मठ असा सगळाच असणार.

१६३० मध्ये त्याला गादीवर बसवायला परत पाठवलं. वय तेवीसच्या आसपास. तोवर तो रयतेला फिरंगी वाटत होता आणि कप्तानाच्या लेखी पोरगा होता. बापाच्या कबरीवर तो मुसलमानी रिवाजाने प्रार्थना करतो अशी खबर किल्ल्यात पोचली, त्याला पकडून पुन्हा गोव्याला धाडायचा बेत शिजू लागला. ऑगस्ट १६३१ मध्ये, मेरीमातेच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या सुमारास, तो आपली माणसं घेऊन किल्ल्यात शिरला आणि कप्तान पेद्रू लैतांव द गांबोआ याला त्याने भोसकलं. शहरातले ख्रिस्ती ऑगस्टिनियन मठात आश्रयाला गेले, तेही पुढच्या काही दिवसांत मारले गेले. त्यांत बायका होत्या, ख्रिस्ती झालेले आफ्रिकी होते. युसूफला बंडाचा नायक म्हणणारे हा भाग घाईने उरकतात, ते मला पटत नाही.

गोव्याहून आलेल्या आरमाराने १६३२ च्या सुरुवातीला वेढा घातला, पण किल्ला घेता आला नाही. तोफखाना शिकवलेला शिष्यच आत होता! नंतर युसूफ स्वतःच किल्ला सोडून समुद्रावर निघून गेला, काही वर्षं चाचेगिरी केली आणि तांबड्या समुद्राकाठी जेद्दाला वारला. पोर्तुगीज परतले. दरवाजावरचा १६३५ चा कोरीव लेख त्यांच्या पुनरागमनाचा आहे. १६९८ मध्ये ओमानी अरबांनी किल्ला घेतला. इंग्रजांनी १८९५ पासून १९५८ पर्यंत तिथे खराखुरा तुरुंग चालवला, पण शब्दाचा अर्थ त्यांनी बदलला असं समजू नका, तो आधीच बदललेला होता.

जाता जाता, विचारणाऱ्यांनी मोंबासाच्या बाजारात 'पेरा' मागितला असता तर हातात पेरूच पडला असता. पोर्तुगीजमध्ये पेरा म्हणजे नासपती. नासपती बाजूला राहिली आणि आपल्या नि आफ्रिकेच्या, दोन्ही किनाऱ्यांनी ते नाव पेरूला चिकटवलं. पाद्रीही तिथे 'पाद्री'च.

लिहिण्याबद्दलही विचारलं आहे. मराठीत गेरेझा लिहावं, 'गेरेजा' नको, कारण तो इंडोनेशियन शब्द आहे आणि तिथे तो अजून चर्चच आहे. इगर्ज मात्र चालवताना 'इगर्जेत', 'इगर्जेला' असं चालवा, 'इगर्जमध्ये' कानाला खटकतं.