गोळी चालू आहे, मग नवऱ्याकडून मला लागण होईल का?

प्रश्न : मी 27 वर्षांची, लग्नाला दीड वर्ष झालं. ह्यांना एचआयव्ही आहे, लग्नाआधीच सांगितलेलं आणि मी सगळा विचार करूनच हो म्हणाले. तीन वर्षं एआरटीची (एचआयव्ही दाबून ठेवणारी) गोळी चालू आहे, मागच्या वेळी व्हायरल लोडमध्ये, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे त्या तपासणीत, टारगेट नॉट डिटेक्टेड (व्हायरस सापडला नाही) आलं, माझी टेस्ट निगेटिव्ह. सासूबाई मुलासाठी मागे लागल्यात (त्यांना काही माहीत नाही), आणि हे तर कंडोम असूनही जवळ यायला घाबरतात. खरंच एवढा धोका आहे का?

उत्तर : ताई, त्यांनी आधी सांगितलं आणि तुम्ही समजून होकार दिलात, मला याचं फार मोल वाटतं. आता स्पष्ट सांगतो, गोळी रोज चालू असेल आणि व्हायरल लोड किमान सहा महिने असाच राहिलेला असेल तर संबंधातून तुम्हाला लागण होत नाही. कमी होते असं नाही, होतच नाही. युरोपात 888 जोडप्यांचा अभ्यास झाला, 2016 साली छापून आला, विनाकंडोम सुमारे 58 हजार वेळा संबंध आले आणि जोडीदाराकडून लागण एकालाही नाही. काहींना एचआयव्ही झाला खरा, पण व्हायरसची जनुकं तपासली तेव्हा तो बाहेरच्याच कुणाकडून आलेला निघाला! त्याआधीच्या अशाच एका मोठ्या अभ्यासात आपल्या पुण्याच्या नारी या एड्स संशोधन संस्थेतली जोडपीही होती, हे ह्यांना मुद्दाम सांगा.

पण व्हायरस शरीरातून गेलेला नसतो, तो पेशींत दडून बसतो आणि गोळी थांबली की बहुतेकांत काही आठवड्यांतच परत वाढतो, म्हणून बरं वाटतंय म्हणून गोळी सोडली असं कधीच व्हायला नको. रिपोर्ट वर्षापेक्षा जुना असेल तर आधी एआरटी सेंटरवर नवीन करून घ्या, तिथे फुकट होतो.

बाळाचं म्हणाल तर त्याला लागण आईकडून होते, वडिलांकडून थेट नाही. तुम्ही निगेटिव्ह राहिलात की बाळही सुरक्षित, आणि त्यासाठी नेहमीसारखेच संबंध पुरेत. तोवर कंडोम वापरायचा की नाही ते दोघांनी ठरवा, आणि तुमची टेस्ट मात्र सेंटरवर सांगतील तशी करत राहा.

सासूबाईंना सांगायची सक्ती तुमच्यावर कुणाचीच नाही, 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ही माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलाय. पुढच्या वेळी तुमचे मिस्टर गोळ्या आणायला जातील तेव्हा तुम्हीही सोबत जा, आणि त्यांच्या मनातली भीती काउन्सेलरसमोर त्यांना स्वतःच्या तोंडाने बोलू द्या.