कान आणि कोश : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा जर्मनच्या बी-वन परीक्षेला बसतोय. दिवसभर खोलीत जर्मन रॅप चालू. रागावलो तर म्हणतो, 'बाबा, यात राजकारण आहे.' मला नुसती बडबड ऐकू येते. खरंच काही आहे, की अभ्यास टाळायची सबब?
– एक वडील, सहकारनगर

उत्तर : सबब असेलही, पण पोरगं खोटं बोलत नाहीये. अर्थात सगळ्याच रॅपमध्ये राजकारण नसतं. १९९२ साली तिथे गाजलं ते श्टुटगार्टच्या 'फँटास्टिशन फिअर' या रॅप गटाचं एका मुलीवरचं गमतीचं गाणं. त्याच वर्षी नोव्हेंबरात हायडेलबर्गच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड केमिस्ट्री' या गटाचं 'फ्रेम्ट इम आयगनेन लान्ट' आलं. (लान्ट. लिहितात 'ड', पण उच्चार शेवटी 'ट'च. जर्मनच्या वर्गात तीस वर्षं हेच ओरडत आले.) म्हणजे आपल्याच देशात उपरा.

माझ्या एका विद्यार्थ्याने तिकडून ते कॅसेटवर भरून आणलं होतं. शब्द लागेनात, म्हणून कोश घेऊन बसले. टॉर्च, लिंग्विस्ट, टोनी एल हे तिघे गाणारे. घरांची मुळं हैती, घाना, इटलीत. खिशात हिरवा जर्मन पासपोर्ट, वर सोनेरी गरुड. तरी सीमेवर गाडीत ओळखपत्र मागतात ते फक्त यांच्याकडे.

आणि एक जागा अशी, की मी टेप तीनदा मागे घेतली. कुणीतरी विचारतं, पुढे 'हायमाट'ला, मायदेशी, परत जाणार का? उत्तर येतं : कुठे, हायडेलबर्गला? तिथे तर माझं 'हाइम', घर आहे! नांदेडहून पुण्यात येऊन मला ३८ वर्षं झाली, तरी नारायण पेठेत 'मूळच्या कुठल्या?' चुकत नाही. पण मला सांगायला गाव आहे. यांचं गाव तेच, जिथे प्रश्न विचारला जातोय.

तेव्हा हा प्रश्न साधा नव्हता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रोस्टॉकला 'परदेशी नकोत' म्हणणाऱ्या जमावाने व्हिएतनामी कामगार राहत होते ती इमारत पेटवली, बघे टाळ्या वाजवत होते. गाणं आलं त्याच महिन्यात म्योल्न गावात तुर्की कुटुंबांची घरं जाळून तिघींना मारलं, एक बाई, दोन मुली. कायदा १९१३चा, रक्ताच्या नात्यावर नागरिकत्व देणारा. तुर्की कामगारांची तिथेच जन्मलेली पोरंही परदेशीच धरली जात. तो बदलला २०००मध्ये.

आज रात्री जेवताना चिरंजीवांना 'हायमाट' आणि 'हाइम'मधला फरक विचारा. सांगता आला तर गाणी चालू द्या. नाही आला तर हेडफोन परीक्षेपर्यंत तुमच्या कपाटात.