जानेवारीत रुजू व्हावे की मार्चमध्ये? मुलीची शुल्कमाफी आणि घरच्या उत्पन्नाचा हिशेब

कळव्याच्या एका वाचकांचा प्रश्न असा आहे. वागळे इस्टेटमधील सध्याच्या कंपनीत त्यांना दरमहा 56,000 रुपये एकूण पगार मिळतो. ऐरोलीच्या एका कंपनीने 72,000 देऊ केले असून, तीन महिन्यांची नोटीस धरता ते 1 जानेवारी 2026 रोजी तेथे रुजू होतील. मुलगी ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रवर्गातून अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकते आणि तिचे 1,10,000 रुपये शिक्षण शुल्क माफ आहे. पत्नी शिकवण्यांतून महिना 6,000 मिळवतात आणि मुदत ठेवींचे वर्षाला 18,000 व्याज येते. नव्या पगारामुळे माफी जाणार असेल तर नोकरी नाकारावी का, आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी उत्पन्न किती सांगावे, असे त्यांनी विचारले आहे.

सर्वप्रथम एक भीती दूर करतो. यंदाची, म्हणजे 2025-26 ची, माफी 2024-25 च्या उत्पन्नावर मिळालेली आहे, त्यामुळे आता पगार वाढला म्हणून तिला धक्का लागत नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमांतील मुलींना जुलै 2024 च्या शासन निर्णयाने जी पूर्ण शुल्कमाफी मिळाली, तिची मर्यादा पालकांच्या 8 लाखांच्या वार्षिक उत्पन्नाची आहे, आणि पुढील वर्षीच्या अर्जासाठी एप्रिल 2025 ते मार्च 2026 या काळातील प्रत्यक्ष उत्पन्न पाहिले जाईल. म्हणून नव्या पगाराला बाराने गुणणे जितके चुकीचे, तितकेच जुना आकडा तसाच पुढे रेटणेही चुकीचे. ज्या महिन्यात जो पगार, तोच धरायचा.

जानेवारीत रुजू झालात तर नऊ महिन्यांचे 5,04,000 आणि तीन महिन्यांचे 2,16,000 मिळून पगार 7,20,000 होतो. त्यात शिकवण्यांचे 72,000 आणि व्याजाचे 18,000 मिळवले की बेरीज 8,10,000 होते, म्हणजे मर्यादा केवळ 10,000 रुपयांनी ओलांडली जाते. फेब्रुवारीत रुजू झाल्यास बेरीज 7,94,000 येते आणि काम झाले असे वाटते. परंतु आपण लिहिल्याप्रमाणे शिल्लक रजेचे सुमारे 14,000 रुपये अंतिम हिशेबात मिळणार आहेत, आणि ते याच वर्षाच्या पगारपत्रकात दिसतील. ते धरल्यास आकडा 8,08,000 होतो. मार्चमध्ये रुजू झालात तर रजेच्या पैशांसह तो 7,92,000 वर थांबतो.

म्हणून माझा सल्ला असा की नोकरी नाकारू नये, रुजू होण्याची तारीख मात्र 2 मार्च मागावी. दोन महिन्यांच्या वाढीव पगारापोटी 32,000 रुपये सोडावे लागतील आणि 1,10,000 रुपयांचे शुल्क वाचेल. प्रत्यक्षात जे मिळाले तेच दाखवायचे असल्याने यात लपवाछपवी काहीच नाही. 2026-27 हे मुलीचे शेवटचे वर्ष असल्यामुळे हा प्रश्न एकदाच सोडवायचा आहे; त्यापुढे वर्षाचा पगारच 8,64,000 होईल, पण तोवर तिचे शिक्षण संपलेले असेल. कंपनी थांबायला तयार नसेल तर मात्र जानेवारीतच रुजू व्हावे. वर्षाला 1,92,000 रुपयांची वाढ एका वर्षाच्या शुल्कासाठी घालवणे मला मुळीच पटत नाही. तशा वेळी वाढीव 16,000 रुपये जानेवारीपासूनच शुल्कासाठी बाजूला काढत गेलात तर जुलैअखेर 1,12,000 जमा होतील. कोणताही निर्णय झाला तरी रुजू होण्याची तारीख लेखी हाती आल्याशिवाय राजीनामा देऊ नये.

हिशेबात जोखीम आहे ती 8,000 रुपयांच्या फरकाची. दिवाळीचा बोनस मी धरलेला नाही. तो मिळणार असेल तर आजच विचारून आकडा मिळवा, कारण 8,000 पेक्षा मोठा बोनस हे सारे गणित उलटवू शकतो. नव्या कंपनीच्या पत्रातील सीटीसी, म्हणजे कंपनीला आपल्यावर येणारा एकूण वार्षिक खर्च, मात्र येथे धरू नका, कारण त्यात कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतील वाटा आणि ग्रॅच्युइटीही मिळवलेली असते. शेजाऱ्यांनी ‘दाखल्यात पगार धरतच नाहीत’ असे सांगितल्याचे आपण लिहिले आहे. तो नियम इतर मागास प्रवर्गाच्या नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्राचा आहे, आपल्याला तो लागू नाही. पत्नीच्या शिकवण्यांचे पैसे रोखीने येतात म्हणून ते वगळण्याचा विचारही करू नये. दाखल्यासोबत स्वयंघोषणापत्र द्यावे लागते, आणि खोट्या माहितीची किंमत शेवटी मुलीला मोजावी लागेल.

शुल्कासाठी जुना भविष्य निर्वाह निधी काढण्याचा आपला बेतही सोडून द्यावा. आपली सलग सेवा पाच वर्षांची झालेली नाही, त्यामुळे काढलेल्या रकमेतील कंपनीचा वाटा आणि त्यावरील व्याज त्या वर्षाच्या उत्पन्नात मिळवले जाईल. यूएएन, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या कायम खाते क्रमांकावरून, खाते नव्या कंपनीकडे वर्ग करून घ्यावे.

कागदपत्रांबाबत एक अडचण हमखास येते. पगार 12 लाखांच्या आत असल्याने नव्या करप्रणालीत कर कापला जाणार नाही, आणि कर कापला नाही म्हणून कंपन्या पुष्कळदा फॉर्म 16, म्हणजे पगार आणि करकपातीचे प्रमाणपत्र, देत नाहीत. म्हणून जुनी कंपनी सोडतानाच शिक्क्यानिशी पगाराचा दाखला, सर्व पगारपत्रके आणि अंतिम हिशेबाची तपशीलवार प्रत मागून घ्यावी. करसवलतीमुळे कर शून्य होत असला तरी विवरणपत्र मुदतीत भरावे. तहसील कार्यालय मात्र बदलत नाही, कारण आपले घर कळव्यातच राहणार आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज नेहमीप्रमाणे ठाणे तहसीलदारांकडेच, आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून, एप्रिल उजाडल्यावर करावा.