अवघड इंग्रजी शब्द अर्थासकट पाठ करतो, पण आठवड्यात विसरतो. काय करू?

विसरणारच. घोकलेलं किती झपाट्याने उडतं हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच दाखवून दिलंय. दोष तुमच्या डोक्याचा नाही, यादीचा आहे.

पहिल्या नोकरीतल्या आमच्या साहेबांकडे अशीच वही होती. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, सगळं एबीसीडीच्या क्रमाने. 'ए'ची पानं हाताळून मळलेली, 'एम'च्या पुढची कोरी करकरीत. त्यामुळे साहेबांचं भारी इंग्रजी 'ए'पाशीच अडलेलं. एका ग्राहकाला मी साधं पत्र लिहिलं होतं: सुटा भाग मंगळवारी येतोय, बुधवारी मशीन सुरू करून देतो. साहेबांनी लाल पेन चालवलं आणि पत्र 'परिस्थिती ॲमिलिओरेट (म्हणजे सुधारणा) करण्याच्या दृष्टीने' वगैरे होऊन गेलं. मंगळवार-बुधवार दोन्ही गायब! ग्राहकाचा फोन मीच उचलला. "ते सगळं ठीक, पण मशीन सुरू कधी होणार?" यावर साहेबांचा निष्कर्ष असा की ग्राहकाचं इंग्रजी कच्चं. माझंही.

अहो, तो शब्द मला चांगला माहीत होता, वाचनात अनेकदा आलेला. गरिबी, हालअपेष्टा, दुष्परिणाम यांच्या जोडीने तो येतो. बिघडलेल्या मशीनच्या पत्रात त्याचं काय काम? शब्दाचा हा शेजार यादीत दिसत नाही. शिवाय एकाच अक्षराचे, सारखे दिसणारे शब्द एका दमात पाठ केले की त्यांची आपसात गल्लत होते.

म्हणून शब्द जिथे भेटला ते अख्खं वाक्य उतरवा, शब्दाच्या जागी रिकामी जागा ठेवा आणि अंतर वाढवत उजळणी करा. अँकी हे ॲप तेच करतं. सुरुवात भाषातज्ज्ञ कॉक्सहेड यांच्या 2000 सालच्या ॲकॅडेमिक वर्ड लिस्टमधल्या 570 शब्दकुळांपासून (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कूळ) करा. दिसायला साधे आहेत, पण अभ्यासाच्या पुस्तकांत पानोपानी तेच लागतात. अवघड शब्द वाचताना कळले पाहिजेत, लिहिताना मिरवायची गरज नसते. साहेबांना हे तेव्हाही पटलं नाही.

हां, परदेशी उच्चशिक्षणासाठीची जीआरई ही प्रवेश परीक्षा देणार असाल तर यादीला पर्याय नाही. मात्र 2011 पासून तिथे विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न नाहीत, वाक्यातल्या गाळलेल्या जागा असतात, त्यामुळे यादीतला शब्दही वाक्यातच पाठ करा. आणि परीक्षा अगदी तोंडावर असेल तर वाचनबिचन राहू द्या, घोका.