लाल पॉपी, पांढरी पॉपी आणि तुझे चार मेसेज

प्रिय पोरी,

आपल्या क्वेकरांच्या, म्हणजे मौनात प्रार्थना करणाऱ्या आणि युद्ध नाकारणाऱ्या आपल्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींच्या ग्रुपवरचे तुझे मेसेज वाचले, आणि नंतर रात्री साडेबाराला मला वेगळा पाठवलास तो पण. विचारलंयस की काकू, मी चुकीचं काय लिहिलं? मुद्दा चुकीचा नव्हताच गं. लाल पॉपीचं फूल कोटावर लावतात ते युद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणीसाठी, पांढरं शांततेसाठी, आणि ती पांढरी पॉपी का लावायची ते तू अगदी नीट सांगितलंस, १९३३ साली इंग्लंडमधल्या को-ऑपरेटिव्ह विमेन्स गिल्डच्या बायकांनी ती सुरू केली आणि त्यातल्या कितीतरी जणींच्या घरातली माणसं पहिल्या महायुद्धात गेलेली होती. नोव्हेंबरात मीटिंग हाऊसच्या, म्हणजे आपल्या प्रार्थनेच्या जागेच्या दारात टोपली ठेवायचीच असेल तर पांढऱ्या पॉपींची ठेवावी हे माझंही मत आहे. पण त्या आजोबांनी एवढंच लिहिलं की मी यंदाही लाल लावणार, आणि तू सात मिनिटांत चार मेसेज टाकलेस आणि चौथ्यात "तुमच्यासारख्या लोकांमुळेच युद्धं होतात" असं आहे. मी त्या एका ओळीबद्दल लिहितेय, बाकी तुझ्याशी माझं भांडण नाही.

तू मला असंही म्हणालीस की त्या मेसेजला अकरा अंगठे आले, म्हणजे लोकांना पटलं. इथे जरा थांब. आपल्याकडे मतदान का करत नाहीत हे तुला माहितीये, तू दोन वेळा बिझनेस मीटिंगला, म्हणजे निर्णय घ्यायच्या बैठकीला बसलीयस. आठव, क्लार्क, म्हणजे बैठक चालवणारी बाई, टेबलावर मान खाली घालून मिनिट, म्हणजे काय ठरलं त्याची नोंद, लिहीत असते, तिच्या पेनाचा आवाज ऐकू येतो एवढी शांतता, वीस-पंचवीस माणसं नुसती बसून तिला धीर देत असतात. मग ती वाचून दाखवते, कोणीतरी म्हणतं हा शब्द बदला, ती बदलते, परत वाचते, आणि सगळे "होप सो" म्हणाले की झालं. कोणाच्या बाजूने किती हे मोजतच नाहीत. एक माणूस जरी अडखळला तरी थांबतात, पुढच्या महिन्यावर टाकतात. मला सुरुवातीला याचा फार वैताग यायचा, आपल्या सोसायटीच्या मीटिंगमधे अर्ध्या तासात हात वर करून विषय संपतो. आणि अंगठा म्हणजे तरी दुसरं काय, हात वर करणंच ना.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. चार वर्षांपूर्वी रविवारची वेळ साडेदहावरून साडेनऊ करायची का असं मी ग्रुपवर विचारलं होतं, मीच. सोळा अंगठे आले, कोणी नाही म्हणालं नाही, आणि आम्ही वेळ बदलून टाकली. तीन आठवड्यांनी कोणाच्या तरी लक्षात आलं की आपल्यातली एक बाई दिसत नाहीये. मी फोन केला तर ती म्हणाली रविवारी माझ्या बाजूची पहिली बस दहा वाजता येते. मग ग्रुपवर का नाही लिहिलंस विचारलं तर म्हणाली, सगळ्यांना सोयीचं होतं ना, मग मी एकटीने कशाला मोडता घालायचा. वेळ आम्ही परत साडेदहा केली पण ती तीन रविवार घरी बसून होती ते बसलीच, आणि तिला घरी बसवणारे ते सोळा अंगठे मी गोळा केलेले होते. तेव्हापासून ग्रुपवर कोण बोललं यापेक्षा कोण बोललं नाही ते मी बघते. काल आजोबा तुझ्या पहिल्या मेसेजनंतर एकदम गप्प झाले, ते तू पाहिलंस का?

बिझनेस मीटिंगमधे अजून एक रीत आहे. एक जण बोलून बसला की लगेच दुसरा उठत नाही, मधे थोडं मौन असतं, आणि आपण बोलतो ते क्लार्ककडे बघून, समोरच्यावर बोट रोखून नाही. हे नुसतं सभ्यपणासाठी नाहीये. त्या मधल्या वेळात आधीच्या माणसाचं वाक्य आपल्यात उतरतं आणि कित्येकदा आपण जे बोलायला उठणार होतो ते बोलायची गरजच उरत नाही. फोनवर ती मधली जागा कोणी ठेवत नाही, ती आपणच ठेवायची. मी काय करते तर मेसेज लिहिते आणि न पाठवता फोन दुसऱ्या खोलीत ठेवून येते, कुकर लावते, कपडे घड्या करते, मग वाचते. पुष्कळदा पाठवते, पण त्यातली एखादी ओळ हमखास खोडलेली असते.

आता तू-तुम्हीचं. तुला हे लवकर कळेल कारण आपण मराठी माणसं लहानपणापासून कोणाला तू आणि कोणाला तुम्ही याच्यातच वाढतो. एकेकाळी इंग्रजीतही तसंच होतं, मोठ्यांना "यू" आणि धाकट्यांना, नोकरांना "दाऊ". सतराव्या शतकात क्वेकर पंथ सुरू करणारा जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या बरोबरच्यांनी न्यायाधीशालाही "दाऊ" म्हणायला सुरुवात केली, टोपी काढायला नकार दिला, त्यापायी मार खाल्ला, तुरुंगात गेले. आपल्याला वाटेल किती उद्धट लोक. पण त्यांना न्यायाधीशाला खाली ओढायचं नव्हतं, मोलकरणीला आणि न्यायाधीशाला एकच शब्द लावायचा होता. त्यांची दुकानं पण तशीच, एकच भाव, घासाघीस नाही, लहान पोराला पाठवलं तरी तोच भाव मिळणार. आणि काल तुझे दोन भाव होते बघ. त्याच दिवशी दुपारी तुझ्या वयाच्या त्या मुलाने लाल-पांढरी दोन्ही लावणार असं लिहिलं त्याला तू "हम्म, इंटरेस्टिंग" म्हणालीस, हसरा चेहरा टाकलास. आजोबांना मात्र ती ओळ. ते म्हातारे आहेत, इंग्रज आहेत, त्यांचं चुकत असणार असं तू आधीच ठरवलं होतंस असं मला वाटलं. नसेल तर सांग, मी ऐकेन.

तू म्हणशील मग अन्यायाबद्दल गोडच बोलायचं का. नाही. क्वेकरांचा इतिहास बघ, अमेरिकेत त्यांच्यातले श्रीमंत लोक गुलाम बाळगून होते. १६८८ मधे जर्मनटाऊनच्या चौघांनी निषेध लिहून दिला, तो वरच्या मीटिंगकडे सरकत सरकत तसाच पडून राहिला. १७३८ साली बेंजामिन ले नावाचा चार फुटांचा माणूस न्यू जर्सीत बर्लिंग्टनच्या वार्षिक मीटिंगमधे उभा राहिला, कोटाच्या आत सैनिकाचे कपडे, हातात आतून पोखरलेलं पुस्तक, त्यात लाल फळांच्या रसाची पिशवी, आणि त्याने पुस्तकात तलवार खुपसून तो रक्तासारखा रस गुलाम बाळगणाऱ्यांच्या अंगावर उडवला. त्याला काढून टाकलं. तो ज्या ॲबिंग्टन मीटिंगचा होता तिने त्याला परत आपला म्हटलं, पण जवळजवळ तीनशे वर्षांनी. जॉन वुलमन त्याच्यानंतरचा, तो घरोघर जायचा, गुलाम बाळगणाऱ्यांच्याच घरी उतरायचा, त्यांच्याशी एकांतात बोलायचा आणि निघताना ज्या गुलामांनी त्याची सेवा केली त्यांचे पैसे ठेवून जायचा, म्हणजे घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांना कळायचं की हे काम फुकट नाही. १७५८ मधे फिलाडेल्फियाच्या वार्षिक मीटिंगने गुलाम खरेदी-विक्री करणाऱ्यांविरुद्ध पाऊल उचललं आणि १७७६ पर्यंत गुलाम ठेवणाऱ्याला सभासदच राहता येणार नाही इथवर गोष्ट आली.

लोक वुलमनचं कौतुक करतात आणि ले ला वेडा ठरवतात, मला ते पटत नाही. दोघंही लागले. पण ले ने रस उडवला तो सत्ता आणि पैसा असलेल्यांवर, ज्यांना वर्षानुवर्षं सांगून झालं होतं. आपले आजोबा कोणावर सत्ता गाजवतात? खिडकीपाशी बसतात, मीटिंगनंतर सगळ्यांचे कप धुतात. आणि पहिल्या महायुद्धात सैन्यात जाण्याच्या वयाच्या ब्रिटिश क्वेकर पुरुषांपैकी साधारण एक तृतीयांश जण लढायला गेले होते हे तुला कोणी सांगितलं नसेल. १६६० पासून शस्त्र न धरण्याची साक्ष देणाऱ्या समाजात. काही जण ॲम्ब्युलन्स घेऊन गेले, काही तुरुंगात गेले, आणि काही खंदकात. तेव्हा हा प्रश्न आपल्या घरातलाच आहे, बाहेरच्या "तुमच्यासारख्या" लोकांचा नाही.

ते लाल का लावतात मला माहीत नाही. सहा वर्षं त्यांच्या शेजारी बसतेय आणि मी कधी विचारलेलं नाही, ही माझी चूक आहे. तूही विचारलं नाहीस.

तर आता ग्रुपवर लांबलचक माफीनामा टाकू नकोस, त्याने परत सगळे अंगठे देतील आणि त्यांना सगळ्यांसमोर "इट्स फाइन" म्हणावं लागेल. फक्त ती चौथी ओळ माझी चुकली, मी त्यांच्याशी समक्ष बोलेन, एवढं लिही. पांढऱ्या पॉपीचे बाकीचे मेसेज राहू देत, ते खरे आहेत आणि तू ते लिहायलाच हवे होतेस. आणि कोणी तुझ्या मेसेजचा स्क्रीनशॉट दुसऱ्या मीटिंगच्या ग्रुपवर टाकलाय असं ऐकलं, त्याबद्दल मी क्लार्कशी बोलतेय, ते तुझ्या डोक्याला नको.

रविवारी मी सव्वानऊला तुझ्या हॉस्टेलखाली गाडी घेऊन येते. ते दहाच्या आधीच येऊन खुर्च्या मांडतात, तेव्हा दुसरं कोणी नसतं. खुर्च्या मांडायला हात लाव आणि विचार, लाल का. आणि त्यांनी उत्तर दिलं तर लगेच काही बोलू नकोस. थेपले करून आणतेय, ते तिथे ठेवू चहाबरोबर.

तुझी,
काकू