पेन्सिल दिसली की पोटात दुखतं

प्रश्न : ताई, माझा मुलगा साडेसहा वर्षांचा आहे, बोलायला एकदम चुरूचुरू, राक्षसाच्या गोष्टी स्वतः रचून सांगतो, पण वही काढली की लगेच पोटात दुखतं, शू लागते, पेन्सिलला टोक करायचं असतं. अक्षरं म्हणाल तर एक डोंगराएवढं आणि एक मुंगीएवढं, ओळ सोडून घसरतात, तीन आणि सहा उलटेपालटे, आणि पेन्सिल इतकी दाबतो की पान फाटतं. टीचर म्हणाल्या घरी सराव घ्या म्हणून मी रोज दोन पानं लिहून घेते, त्यात तास-दीड तास जातो, शेवटी मी ओरडते आणि तो रडतो. सासूबाई म्हणतात आळशी आहे, नवरा म्हणतो येईल आपोआप. परवा नेटवर डिसग्राफियाबद्दल, म्हणजे मुलांना लिहिणंच जड जाण्याच्या अडचणीबद्दल, वाचलं आणि झोपच उडाली. काय करू?
– एक वैतागलेली आई

उत्तर : सगळ्यात आधी ती दोन पानं आजपासून बंद करा. खरंच सांगते, पहिल्या तीन-चार ओळींनंतर हात दमतो आणि पुढचं दीड पान तो फक्त वाकडं अक्षर पक्कं करत असतो. हे मी माझ्या लेकाबरोबर करून चुकलेय म्हणून इतकं ठासून सांगतेय.

आळशीपणाचं म्हणाल तर जो मुलगा लिहिणं टाळायला इतकी डोकॅलिटी वापरतो तो आळशी कसा? त्याला ते जड जातंय. आता नेमकं काय जड जातंय ते शोधायचं, कारण लिहिणं म्हणजे एक काम नाहीये, अक्षर आठवायचं, हाताला ते काढायला लावायचं, ओळ सांभाळायची, आणि पुढचा शब्द डोक्यात धरून ठेवायचा, हे सगळं एकाच वेळी. म्हणून एक दिवस वही बाजूला ठेवून बघा. त्याला म्हणा, हवेत हात फिरवून मोठ्ठा क काढ. हवेत बरोबर आला आणि कागदावर बिघडला तर आकार डोक्यात आहे, अडचण बोटांची आहे. हवेतसुद्धा अडखळला तर आकारच पक्का नाहीये, मग बोटांचे व्यायाम कितीही घ्या, उपयोग नाही. पुस्तकात बघून नीट लिहितो पण फळ्यावरचं चुकतं असं असेल तर आधी डोळे तपासून घ्या, ही साधी गोष्ट पुष्कळदा राहून जाते.

अजून एक, त्याला साधे आकार काढायला सांगा. साधारण तिसऱ्या वर्षी गोल, चौथ्याच्या आसपास अधिकचं चिन्ह, मग चौकोन, आणि पाच-सव्वापाचला त्रिकोण जमतो. पत्त्यातल्या चौकटचा आकार तर अजून उशिरा. साडेसहाला त्रिकोणच जमत नसेल तर तिरक्या रेघांची अक्षरं त्याला छळणारच, मग आधी तिरक्या रेघा खेळत खेळत.

तीन आणि सहाचं टेन्शन इतक्यात घेऊ नका, सात वर्षांपर्यंत उलटं लिहिणं कॉमन आहे. खुर्ची उजवीकडे तोंड करून ठेवा नाहीतर डावीकडे, ती खुर्चीच राहते, हे मूल जन्मल्यापासून शिकलेलं असतं, आणि अचानक आपण सांगतो की हाच आकार इकडे वळला तर तीन आणि तिकडे वळला तर सहा. त्याच्या जागी मी असते तर मीही गोंधळले असते.

आणि ओळीवरून घसरणं. मराठीबरोबर इंग्रजी पण शिकत असेल तर हे जरूर बघा, आपली अक्षरं वरच्या रेघेला लटकतात आणि इंग्रजी अक्षरं खालच्या रेघेवर बसतात. हे मुलांना कुणी सांगतच नाही! मराठीच्या पानावर वरची रेघ जाड रंगवून द्या, म्हणा ही दोरी, अक्षरं हिच्यावर कपड्यांसारखी वाळत घालायची. शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर शेवटी.

पेन्सिल दाबण्यासाठी कागदाखाली जाड मऊ कापड ठेवा, जोर दिला की पान फाटतं हे त्याचं त्यालाच कळेल, तुम्हाला बोलावं लागणार नाही. पेन्सिल लांब नको, चार-पाच सेंटीमीटरचा तुकडा द्या, त्यावर अख्खी मूठ मावतच नाही त्यामुळे आपोआप बोटांनी धरली जाते. पकड अगदी पुस्तकातल्यासारखी तीन बोटांचीच हवी असा हट्ट मात्र नको, चार बोटांनी धरणारी मुलंही तितकंच नीट आणि तितक्याच वेगाने लिहितात. पाय खुर्चीवरून लोंबकळत असतील तर खाली पाट नाहीतर खोका ठेवा, पाय टेकले की अंग स्थिर राहतं आणि हात मोकळा होतो.

आता मातीचे गोळे, कागद फाडणे, कपड्यांचे चिमटे लावणे वगैरे. करा, छान आहे, हाताला ताकद येते, भिंतीवर कागद चिकटवून उभ्याने चित्रं काढणं तर मनगटासाठी उत्तमच. पण नुसतं तेवढ्यावर थांबू नका. 2011 साली हस्ताक्षर सुधारण्याच्या उपायांवरच्या अभ्यासांचा एक आढावा आला होता, त्यात दिसलं की प्रत्यक्ष लिहिण्याचा सराव नसेल तर बाकीचे उपाय फळत नाहीत, आणि 20 पेक्षा कमी वेळा बसवलं तरी फरक पडत नाही. म्हणजे आठ दिवसांत जादू होणार नाही, पण रोज दहा मिनिटं धरली तर महिना-दीड महिन्यात काहीतरी दिसायला हवं.

आणि त्या दहा मिनिटांत काय? एकाच घरातली तीन अक्षरं घ्या, व-ब-क नाहीतर प-ष-फ किंवा ट-ठ-ढ, म्हणजे हाताला एकच वळण बसतं. मोठं अक्षर काढून त्यावर बाण आणि 1, 2, 3 असे आकडे टाका, कुठून सुरू आणि कुठे वळायचं. त्याला ते नीट बघू दे, मग हाताने झाका, दोन-तीन सेकंद थांबा, आणि आठवून लिहायला सांगा. बाण आणि झाकून आठवणं या जोडीचा पहिलीतल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला असं 1997 च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं होतं. पाच-सहा वेळा काढलं की बास, त्यातलं सर्वांत छान कुठलं ते त्यानेच शोधून गोल करायचं. चुकलेल्यावर लाल फुली मारू नका.

त्या राक्षसाच्या गोष्टी मात्र पेन्सिलीवाचून अडायला नकोत. तो सांगेल, तुम्ही लिहा, खाली त्याने फक्त नाव लिहायचं. गोष्ट रचणं वेगळं आणि अक्षर काढणं वेगळं, एकाची शिक्षा दुसऱ्याला नको.

राहता राहिला डिसग्राफिया. नीट मदत देऊनही सहा महिने अडचण तशीच राहिली तर तपासणीचा विचार करतात, आणि सात-आठ वर्षांच्या आधी सहसा नक्की सांगतही नाहीत. पण शर्टाची बटणं, बुटाची लेस, चेंडू झेलणं, यातही तो खूप मागे असेल, सारखा धडपडत असेल तर सहा महिने थांबू नका, ऑक्युपेशनल थेरपिस्टना, म्हणजे हाताची आणि रोजची कामं जमावीत म्हणून व्यायाम घेणाऱ्या तज्ज्ञांना, आत्ताच दाखवा. आणि आधी येत असलेलं आता येईनासं झालं किंवा एक हात ढिला वाटतोय असं असेल तर सरळ डॉक्टर.

प्रश्न : नात पाच वर्षांची, डावखुरी आहे. लिहिताना मनगट आकड्यासारखं वाकवते, लिहिलेलं सगळं फासतं. आत्ताच उजव्या हाताची सवय लावावी का?
– एक आजोबा

उत्तर : नाही हो आजोबा, अजिबात नको. दहातला साधारण एक माणूस डावखुरा असतो, त्यात बदलण्यासारखं काही नाहीये. बदलायचा तो कागद. कागद तिच्या समोर मधोमध न ठेवता थोडा डावीकडे सरकवा आणि त्याची वरची कड उजवीकडे झुकू द्या, पेन्सिल टोकापासून तीन-एक सेंटीमीटर वर धरायला सांगा. एवढं केलं की लिहिलेलं तिला दिसतं आणि मनगट वाकवायची गरज उरत नाही. दिवा उजव्या बाजूला. शाळेत बाकाच्या डाव्या टोकाला बसवायला सांगा, नाहीतर शेजारच्याशी कोपराकोपरी होते. शिरोरेषा उजवीकडून डावीकडे ओढत असेल तर ओढू द्या, डाव्या हाताला तेच सोपं जातं.

प्रश्न : टॅबवर अक्षरं गिरवायचं ॲप आहे, मुलगी आवडीने करते. वहीऐवजी तेच चालेल का?

उत्तर : ऐवजी नको, वर थोडंसं चालेल. 2012 मध्ये अजून वाचायला न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर एक छोटा अभ्यास झाला होता, काही अक्षरं मुलांनी हाताने काढली, काही टाइप केली, काही गिरवली, आणि मग मेंदूचं स्कॅनिंग केलं. वाचताना मेंदूचे जे भाग लागतात ते हाताने स्वतः काढलेल्या अक्षरांना जागे झाले, टाइप केलेल्या आणि गिरवलेल्यांना तसे झाले नाहीत. गिरवताना रेघ आधीच असते ना, बोट नुसतं तिच्यामागे जातं. तेव्हा ॲपवर एकदा गिरवलं की टॅब पालथा घाला आणि तेच अक्षर कागदावर न बघता काढायला सांगा.