न घेतलेला बीपी चार्टवर लिहू नकोस

पोरी,

मेसेज वाचला तुझा. नाईटला एकटी, वॉर्डात साठच्या आसपास पेशंट, फ्लोअर बेड त्यातच, आणि तू विचारतेस की मावशी यात चांगलं काम करायचं कसं. खरं सांगू, सगळं होणार नाहीये. इंडियन नर्सिंग कौन्सिल म्हणतं टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात 3 पेशंटमागे 1 सिस्टर हवी, साध्या हॉस्पिटलात 5 मागे 1. म्हणजे तुझ्या जागी आणखी कितीतरी जणी पाहिजेत, त्या सगळ्यांचं काम तू एकटीने करू शकत नाहीस म्हणून तू वाईट नर्स होत नाहीस, हे आधी पक्कं कर.

मग करायचं काय तर ओव्हर, म्हणजे आधीच्या ड्युटीच्या सिस्टरकडून पेशंटची माहिती, बेडजवळ उभं राहून घे, टेबलावर बसून वहीतून नको. त्या राऊंडमध्येच कळतं आज रात्री कोण बिघडू शकतं, असे पाच-सहा निघतातच, त्यांच्याकडे परत परत जा. त्यांचा श्वास पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोज. आपल्याकडे अख्ख्या वॉर्डाचा रेस्पिरेशन 20 लिहिलेला असतो, कुठलाही चार्ट काढून बघ, आणि पेशंटची तब्येत बिघडायला लागली की बऱ्याचदा सगळ्यात आधी बदलतो तो श्वासच. इन्सुलिन, पोटॅशियम असलं काही असेल तर कितीही घाई असू दे, लेबल दुसऱ्या कोणाला वाचायला लाव, रेसिडेंट डॉक्टरला लाव, तोही बिचारा जागाच असतो. दोन पेशंटच्या मध्ये हात धू. या गोष्टी सोडायच्या नाहीत. बेडशीट राहिली, रजिस्टर राहिलं, राहू दे.

आता मेन मुद्दा. जे झालं नाही ते झालं म्हणून लिहू नकोस. सकाळी मॅडम ओरडतील म्हणून पहाटे साठ जणांचे बीपी अंदाजाने भरायचे, हे सगळीकडे चालतं मला माहितीये. पण एक तर त्या आकड्यावर सकाळी डॉक्टर औषध ठरवतो. आणि दुसरं, तो चार्ट वर गेला की कागदावर दिसतं एका सिस्टरमध्ये वॉर्ड व्यवस्थित चालतो, मग रिकामी पोस्ट कोण कशाला भरेल? आपणच आपल्या हाताने खड्डा झाकतो. म्हणून सरळ लिही, इतके पेशंट, एक सिस्टर, अमुक पेशंटचे व्हायटल (बीपी, नाडी, श्वास, ताप) घेता आले नाहीत, वेळ टाक, सही कर. रिपोर्ट बुकात रोज.

भंडाऱ्यात 9 जानेवारी 2021 ला मध्यरात्रीनंतर जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूला, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षाला, आग लागली, 10 बाळं गेली, 7 वाचवली. नंतर कारवाई झाली त्यात सिव्हिल सर्जन होते तशा सिस्टरही होत्या, कंत्राटी सिस्टरांची तर नोकरीच गेली. नांदेडला सरकारी हॉस्पिटलात ऑक्टोबर 2023 मध्ये 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यात 12 नवजात बाळं, आणि खासदारांनी येऊन डीनना टॉयलेट साफ करायला लावलं. टीव्हीवर ते दिसलं. पोस्ट, औषधं, मशिनची दुरुस्ती याचे कागद कुठे किती दिवस पडून असतात ते कोणी दाखवत नाही. 2017 च्या आरोग्य धोरणात लिहिलं होतं 2025 पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के सरकारी खर्च आरोग्यावर, तिथे आपण पोचलोच नाही, आणि त्याची किंमत रात्री तीन वाजता वॉर्डात तू आणि पेशंट मिळून भरता. याचा मला आजही राग येतो आणि तुलाही यावा असं मला वाटतं, फक्त तो नातेवाइकांवर काढू नकोस, ते तुझ्याइतकेच अडकलेले असतात.

डबल ड्युटी एखाद वेळी कर, मैत्रिणीच्या घरी अडचण असेल तर करावीच. पण रोस्टरमध्ये ती दर आठवड्याला दिसायला लागली तर नाही म्हण. झोप न झालेल्या माणसाच्या हातात सिरिंज नको. विकली ऑफ घे, त्या दिवशी वॉर्डचा ग्रुप म्यूट कर.

आणि एकटी भांडू नकोस. तुझ्या वॉर्डच्या सगळ्या जणींनी मिळून एक अर्ज करा, गेल्या महिन्याच्या रिपोर्ट बुकातले पेशंटचे आणि सिस्टरचे आकडे तारखेनिशी त्यात टाका, मेट्रन मॅडमना द्या, एक प्रत अधीक्षकांना, आवकची सही-शिक्का घ्या आणि झेरॉक्स घरी ठेवा. युनियनच्या ताईंनाही दाखवा. कच्चा लिहून झाला की मला फोटो पाठव, मी बघून देते.

तुझी मावशी